सोळा अंशांचा अक्ष

बेळगावचा अक्षांश १५.८५ अंश. त्यामुळे ध्रुव तारा आमच्याकडे क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर असतो. पुण्यात तो साडेअठरा अंशांवर, दिल्लीत साडेअठ्ठावीस आणि बर्लिनमध्ये साडेबावन्न. नुसत्या डोळ्यांनी आकाश बघणाऱ्याला या फरकाचं फारसं काही वाटत नाही. पण तीन मीटर लांबीची भिंगाची दुर्बीण उभी करायची म्हटली की सगळं गणित या एका आकड्यापाशी येतं. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. ते सरकणं खोडून काढायचं तर दुर्बिणीचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला लागतो. बर्लिनमध्ये हा अक्ष चांगला चढा असतो, आमच्याकडे तो जवळजवळ आडवा पडतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात मी आठ इंची दुर्बीण बांधली, तिची हकिगत म्हणजे मुख्यतः या आडव्या अक्षाची हकिगत आहे.

आरशाची दुर्बीण का नाही केलीस, हे मला बहुतेकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आठ इंची आरसा घरी घासता येतो, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत त्यासाठी कार्यशाळा झाल्या आहेत, आणि तेवढ्याच व्यासाची न्यूटनीय दुर्बीण गाडीच्या मागच्या सीटवर मावते. पण माझा जीव जोडताऱ्यांत अडकलेला. भिंगाच्या दुर्बिणीत प्रकाशाच्या वाटेत काहीच आडवं येत नाही. दुय्यम आरसा नाही, त्याला धरणाऱ्या पट्ट्या नाहीत. नळी बंद असल्यामुळे आतली हवाही कमी ढवळते. हवा शांत असेल त्या रात्री तारा म्हणजे एक बारीक गोल चकती आणि तिच्याभोवती एक-दोन फिकट कडी, एवढंच दिसतं. शेजारी दुसरा तारा असेल तर तो लपत नाही. आठ इंची भिंग ०.५७ विकलांपर्यंत (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळ असलेले दोन सारख्या तेजाचे तारे वेगळे दाखवू शकतं, असं डॉझचा नियम सांगतो.

भिंग मी घासलेलं नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. तिथल्या कार्यक्रमांना जात असताना एका वयोवृद्ध निरीक्षकांशी ओळख झाली. त्यांच्या कपाटात २०३ मिलिमीटर व्यासाचं, ३ मीटर केंद्रांतराचं (म्हणजे तेवढ्या अंतरावर प्रकाश एकत्र आणणारं) दुहेरी भिंग अनेक वर्षं पडून होतं. त्यांनी ते मला परवडेल अशा किमतीला दिलं, पण लगेच नाही. म्हणाले, "काच काय, कपाटात राहील आणखी काही वर्षं. आधी तिला धरणारं बांधा. ते हललं तर या काचेचा काही उपयोग नाही." पुढची सगळी कामं मी या वाक्याच्या धाकात केली.

भिंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्या लांबीमुळेच पुढचा सगळा व्याप झाला. यात पुढे क्राउन काच आणि मागे फ्लिंट काच असते. दोघींमध्ये हवेची बारीक फट, आणि ती राखायला कडेला १२० अंशांवर कथलाच्या पातळ वर्खाचे तीन तुकडे. दोन काचा मिळून लाल आणि निळा प्रकाश एका जागी आणतात, पण हिरवा-पिवळा त्यांच्या किंचित अलीकडे येतो. हा फरक केंद्रांतराच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा, म्हणजे माझ्या भिंगात दीड मिलिमीटर. फोकसला मात्र दोन्ही बाजूंना मोकळीक मिळते ती पाव मिलिमीटरच्या आसपास. म्हणून अभिजितसारख्या तेजस्वी ताऱ्याभोवती आणि गुरूच्या कडेला जांभळी प्रभा दिसतेच. ती जवळपास घालवायची तर जुना ठोकताळा असा आहे की व्यास जितके इंच, त्याच्या तिप्पट आकडा घ्यायचा आणि केंद्रांतर व्यासाच्या तितके पट ठेवायचं. आठ इंचांना चोवीसपट, म्हणजे पावणेपाच मीटरहून लांब नळी! माझं भिंग पंधरापट आहे. त्या जांभळ्या कडेची मला आता सवय झाली आहे, आणि जोडताऱ्यांच्या कामात ती आड येत नाही.

आता माउंट, म्हणजे दुर्बिणीला धरणारी आणि फिरवणारी बैठक. बाजारात मिळणारे बहुतेक माउंट जर्मन पद्धतीचे असतात. एक खांब, त्याच्या डोक्यावर ध्रुवाकडे रोखलेला छोटा अक्ष, त्याला काटकोनात दुसरा अक्ष, त्याच्या एका टोकाला दुर्बीण आणि दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन. जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने १८२४ साली डोर्पाटच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या वेधशाळेसाठी साडेनऊ इंचांहून किंचित मोठी दुर्बीण केली, ती याच पद्धतीच्या माउंटवर होती आणि घड्याळयंत्राने ताऱ्यामागे फिरायची. पद्धत उत्तमच आहे, पण ती वाढली उत्तरेकडच्या देशांत. तिथे दुर्बीण ध्रुवाकडे वळवली तर वजनाचा दांडा खांबापासून दूर, उत्तरेकडे तिरका जातो. आमच्या अक्षांशावर तोच दांडा ओळंब्यापासून फक्त सोळा अंश सुटतो आणि वजनं थेट खांबावर आपटतात. ते टाळायला माउंटचं डोकं उत्तरेकडे बरंच पुढे काढावं लागतं, आणि मग सगळा भार खांबाच्या एका अंगाला लोंबकळत राहतो. लहान दुर्बिणीला हे चालून जातं. तीन मीटरच्या नळीला बोट लागलं तरी ती थरथरते. तिच्यासाठी असलं लोंबतं डोकं मला पटेना.

कागदावर रेघोट्या ओढता ओढता मी जुन्या इंग्लिश पद्धतीपाशी आलो. यात खांब दोन, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. त्यांच्यावर दोन्ही टोकांना टेकलेला लांब अक्ष, आणि त्याच्या बरोबर मधून आरपार जाणारा दुसरा अक्ष, ज्याच्या एका अंगाला दुर्बीण आणि दुसऱ्या अंगाला वजन. भार कुठेच लोंबत नाही. उंच अक्षांशांवर या पद्धतीची अडचण ही की उत्तरेचा खांब फार उंच करावा लागतो. अक्ष २.४ मीटरचा धरला तर लंडनला दोन खांबांच्या उंचीत १८८ सेंटिमीटरचा फरक येईल. आमच्या शेतावर तो येतो ६५ सेंटिमीटर. हा आकडा निघाला त्या रात्री मला झोप आली नाही. जी गोष्ट आपल्याला अडचण वाटत होती तीच या पद्धतीत सोय होऊन बसली होती. शिवाय जर्मन माउंटवर तारा मध्यान्हवृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो तेव्हा दुर्बीण एका बाजूची दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते, ती भानगडही इथे नाही. इंग्लिश पद्धतीचा एक प्रकार चौकटीचा आहे, त्यात दुर्बीण चौकटीच्या आत बसते आणि वरचं टोक आड येतं. माउंट विल्सनची १०० इंची हूकर दुर्बीण तशी असल्याने तिला ध्रुवाचा भाग दिसत नाही. नळी अक्षाच्या शेजारी असली की तेही बंधन राहत नाही.

इथे एक आठवण नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४६ साली नेपच्यूनचा शोध चालू होता तेव्हा केंब्रिजला खगोलज्ञ चॅलिस जिच्यातून बघत होते ती नॉर्थम्बरलँड दुर्बीण इंग्लिश माउंटवर होती. ऑगस्टमध्ये नेपच्यून त्यांच्या नजरेखालून गेलाही, पण ओळखू आला नाही. २३ सप्टेंबरला बर्लिनमध्ये गाले यांना तो सापडला, फ्राउनहोफरच्या नऊ इंची दुर्बिणीतून. श्रेय जर्मन माउंटचं म्हणता येणार नाही. बर्लिनकडे त्या भागाचा नवा तारानकाशा होता. आणि नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं गणित १९११ साली मांडणारे व्यंकटेश बापूजी केतकर आमच्या शेजारच्या बागलकोटचे. या भागात दुर्बीण बांधताना त्यांचं नाव मनात असणं मला साहजिक वाटतं.

पद्धत ठरली, पण असा माउंट कुणी विकत नाही. तो ओतावा लागणार. आणि ओतकामासाठी बेळगावकराला गाव सोडायची गरज नाही. उद्यमबागेत आणि मच्छे औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या आहेत, पॅटर्नवाले आहेत, लेथ आणि बोअरिंगची जॉबवर्कं करणारे आहेत. वाहनांचे आणि पंपांचे भाग इथून बाहेर जातात. मला हवा होता एकच मोठा भाग, अक्षाच्या मध्यावरचा पोकळ ठोकळा. त्याच्या उत्तर-दक्षिण तोंडांवर जाड सीमलेस पाइपांच्या फ्लँजा बसणार, पूर्व-पश्चिम तोंडांतून दुसरा अक्ष जाणार. या चार तोंडांचा काटकोन बिघडला तर पुढे काही केल्या तो सुधारता येत नाही.

पॅटर्न करणारे मामा सुतारकामात मुरलेले. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून त्यांच्याकडे मुळातच तेवढी लांब आखलेली पट्टी असते आणि ते सगळी मापं तिच्यावरच घेतात. मशीनिंगसाठी कुठे किती माल जादा ठेवायचा, पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून कडांना किती उतार द्यायचा, हे त्यांनी माझ्या चित्राकडे बघून तोंडी सांगितलं. आतली पोकळी करायला वाळूचा वेगळा गाभा लागतो, त्याची पेटीही त्यांनीच केली. लाकूड तासता तासता म्हणाले, "पंपाच्या केसिंगला एवढं बघत नाहीत रे कोण. हे कुठं बसवूलालास?" मी म्हटलं, "शनीची कडी बघायच्या यंत्राला, मामा." त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून समजून घेतलं. त्यानंतर मजुरीचं बोलणंच झालं नाही, काम पुरं झाल्यावरच झालं.

पहिलं ओतकाम वरून सुरेख दिसत होतं, पण बोअरिंगला लावल्यावर बेअरिंगच्या बैठकीत वायूची पोकळी निघाली. फाउंड्रीवाल्यांनी कुरकूर न करता रायझरची, म्हणजे साच्यातला जादा रस वर चढतो त्या वाटेची, जागा बदलून ठोकळा पुन्हा ओतला. तो दुसरा ठोकळा आम्ही मुद्दाम लगेच मशीनवर घेतला नाही. वरवरचा रफ कट मारून पावसाळाभर शेडच्या मागे उघड्यावर टाकला. ताज्या ओतकामात ताण अडकलेले असतात. उन्हापावसात ते हळूहळू मोकळे होतात आणि मग शेवटचं मशीनिंग केल्यावर आकार हलत नाही. आता हे काम भट्टीत तापवून थोड्या वेळात होतं, पण जुने कारागीर अजून पावसावर भरवसा ठेवतात आणि मला घाई नव्हती. खंडेनवमीला उद्यमबागेत सगळ्या यंत्रांची पूजा झाली तेव्हा या ठोकळ्यालाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळाली.

बोअरिंग करणारे गृहस्थ बैलहोंगलकडचे, घरी कन्नड, कामावर मराठी. मी त्यांना सांगितलं की २५० मिलिमीटरमध्ये ०.०७ मिलिमीटरची चूक म्हणजे एक कला, अंशाचा साठावा भाग, आणि तेवढ्याच्या आत राहायचं आहे. त्यांनी मान डोलावली, "आयतु री सर," आणि चारही तोंडं ठोकळा मशीनवरून न सोडता, टेबल फिरवून एकाच बांधणीत केली. तसं केल्यामुळेच काटकोन टिकला. मोजलं तेव्हा डायल गेजचा काटा जवळजवळ हललाच नाही.

अक्ष आडवा असल्याचा आणखी एक फायदा बेअरिंगांत दिसतो. फिरणारा सगळा भार, म्हणजे नळी, वजनं, ठोकळा आणि पाइप मिळून, १८० किलोच्या घरात आहे. सोळा अंशांच्या उतारावर त्यातले सुमारे ५० किलोच अक्षाच्या दिशेने दक्षिणेकडे रेटतात. लंडनला हाच रेटा १४० किलो झाला असता. म्हणून दक्षिण टोकाला एक टेपर रोलर बेअरिंग पुरलं, आणि उत्तरेला साध्या प्लमर ब्लॉकमधलं स्वतः जुळवून घेणारं बेअरिंग. दोन बेअरिंगांमध्ये २.४ मीटर अंतर असल्याने अक्ष डुगडुगायला जागाच नाही.

ताऱ्यामागे फिरवायला ३६० दात्यांचं वर्म व्हील आहे, म्हणजे वर्म या मळसूत्री दांड्याने फिरणारं दातेरी चाक, फॉस्फर ब्रॉन्झचं, ३६० मिलिमीटर व्यासाचं. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा, म्हणजे वर्मचा एक फेरा २३९.३ सेकंदांत पुरा व्हायला हवा. तो स्टेपर मोटर आणि छोटा नियंत्रक सांभाळतात. खरी कसोटी वर्मच्या गोलाईची. व्हीलची त्रिज्या १८० मिलिमीटर असताना वर्म एक शतांश मिलिमीटरने जरी वाकडा फिरला तरी तारा साडेअकरा विकला पुढेमागे झुलतो. आम्ही बारीक पेस्ट लावून वर्म आणि व्हील एकमेकांवर बरेच दिवस फिरवत ठेवले, मग रॉकेलने धुऊन काढले. झुलणं पूर्ण गेलं नाही, पण डोळ्याने बघताना ते जाणवत नाही.

नळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा रोल करून वेल्ड केला, आतून काळा केला आणि आत कड्या बसवल्या. प्रत्येक कडीचं भोक प्रकाशाच्या निमुळत्या होत जाणाऱ्या शंकूएवढंच हवं. नळीच्या मध्यावर ते १२२ मिलिमीटर येतं. भिंगाच्या घराबाबत, म्हणजे ते बसतं त्या ॲल्युमिनियमच्या कोंदणाबाबत, मात्र जपावं लागलं. काच आणि ॲल्युमिनियम सारखे प्रसरण पावत नाहीत. आमच्याकडे जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यात २०३ मिलिमीटर व्यासावर ०.०८ मिलिमीटरचा फरक होतो. घर घट्ट केलं तर थंडीत काच चिमटली जाते आणि ताऱ्याची चकती तिकोनी दिसते. म्हणून फट मोजून ठेवली आहे.

जागा निवडताना माती बघितली. बेळगावच्या पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीच्या अंगाला काळी रेगड आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यातला खांब दरवर्षी थोडा हलणार. आमच्या शेतात हातभर खणलं की जांभा लागतो. दोन्ही खांबांचे पाये जांभ्यात कोरून उतरवले आणि तळाशी काँक्रीटच्या एकाच तुळईने जोडले. भोवतीची फरशी खांबांना कुठेच टेकत नाही, मधल्या फटीत वाळू आहे. माणूस चालला तर त्याची पावलं दुर्बिणीपर्यंत पोचता कामा नयेत.

उत्तर-दक्षिण रेषा आखायला होकायंत्र वापरलं नाही, भोवती एवढं लोखंड असताना त्याच्यावर कोण विसंबणार. ओळंबा टांगला आणि सूर्य मध्यान्हवृत्तावर असताना त्याच्या दोरीची सावली फरशीवर आखली. इथली मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, आम्ही ७४.५ च्या जवळ, म्हणून सरासरीने ३२ मिनिटं उशीर, शिवाय फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य आणखी चौदा मिनिटं मागे असतो. दुपारी १२ वाजून ४६ मिनिटांच्या सुमाराला सावली बरोबर उत्तरेला पडली. हे काम हिवाळ्यात उरकावं. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य इथे थेट डोक्यावरून जातो आणि आखायला सावलीच उरत नाही.

अक्षाच्या मध्याची उंची २.२ मीटर ठेवली, कारण नळीचा तोल डोळ्याच्या टोकापासून पावणेदोन मीटरवर आहे. माथ्यावरचा तारा बघताना नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, जमिनीपासून दीड फुटावर येते, तिथे पाटावर बसून बघतो. क्षितिजाकडे वळवली की लाकडी पायरीवर उभं राहावं लागतं. मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीत ही उठबस अटळ आहे. छप्पर पत्र्याचं, अँगलच्या रुळांवर सरकणारं, आणि दक्षिणेच्या भिंतीचा वरचा भाग बिजागऱ्यांवर बाहेर पडणारा.

अक्ष चढवला त्या दिवशी लोखंडी तिपाईला चेन पुली टांगली होती, आणि भावकीतली पोरं, शेजारचे गडी, मामा, सगळे होते. दक्षिणेचं टोक आधी बसवलं, मग उत्तरेचं. एवढं जड धूड एका बोटाने फिरतंय हे बघून प्रत्येकाने ते फिरवून बघितलं.

त्यानंतर अक्ष खऱ्या ध्रुवावर आणायचा होता. आमच्याकडे ध्रुव तारा इतका खाली असतो की हिवाळ्यात उसाचा पाला पेटवतात त्या दिवसांत धुरातून तो धड दिसतही नाही. दिसला तरी तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सव्वासदतीस कलांच्या आसपास दूर, आणि वातावरण त्याला आणखी तीनेक कला वर उचलून दाखवतं. म्हणून मी ताऱ्याच्या सरकण्यावरून जुळणी केली, आणि तीच पद्धत कमी अक्षांशावर सगळ्यांनी वापरावी असं मला वाटतं. मध्यान्हवृत्ताजवळचा, विषुववृत्तालगतचा एक तारा नेत्रिकेत ताणलेल्या बारीक तारेवर धरायचा. तो दक्षिणेकडे सरकू लागला तर अक्ष पूर्वेला वळलेला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्वेला खालचा तारा घ्यायचा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. उत्तर खांबावरच्या बैठकीला आडवे-उभे स्क्रू दिले होते, ते जरा जरा फिरवत गेलो. प्रत्येक वेळी वाट बघण्याचा काळ वाढत जातो. सुरुवातीला तारा मिनिटभरात तार सोडतो, शेवटी शेवटी अर्धा तास झाला तरी तो तारेवरच असतो. त्या अर्ध्या तासात आजूबाजूला फक्त रातकिडे आणि मोटरची बारीक टिकटिक असते, आणि तेव्हा जो आनंद होतो तो मला पुढे शनी बघतानाही झाला नाही.

भिंग पुण्याहून आलं होतं ते अक्ष चढवल्यावरच. भिंगाच्या घराच्या मागच्या स्क्रूंच्या तीन जोड्या फिरवून ते सरळ केलं, ताऱ्याभोवतीची कडी सगळीकडून सारखी होईपर्यंत. पुनर्वसूतला कॅस्टर पहिल्या नजरेतच दोन झाला. स्वरमंडळातल्या एप्सिलॉनच्या दोन्ही जोड्या सव्वादोन विकलांच्या आसपास, मध्ये काळी फट स्वच्छ. व्याधाचा जोडीदार बघायला मात्र शांत हवेची वाट बघावी लागली. तो १८६२ साली अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना साडेअठरा इंची नवं भिंग तपासताना पहिल्यांदा दिसला होता. सध्या तो मुख्य ताऱ्यापासून अकरा विकलांवर आहे, पण व्याधाच्या झगझगाटात तो ठिपका शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. फेब्रुवारीतल्या एका रात्री तो दिसला. इथे व्याध ५७ अंश उंच चढतो, हा आपल्या अक्षांशाचा मोठा आधार आहे.

ज्येष्ठाबद्दलही तेच. तांबूस ज्येष्ठाशेजारी अडीच विकलांहून जरा दूर एक पाचव्या प्रतीचा तारा आहे, लालसर उजेडाशेजारी तो हिरवट वाटतो. लंडनहून ज्येष्ठा बारा अंशांवर खरडत जाते. आमच्याकडे ती ४८ अंश चढते, आणि मे महिन्यात, वळवाने हवा धुऊन निघाल्यावर, तो हिरवा ठिपका धरून ठेवता येतो. भिंतीचा भाग खाली पाडला की दक्षिणेला मित्र (अल्फा सेंटॉरी) तारा येतो, क्षितिजापासून तेरा अंशांवर. त्याच्या दोन ताऱ्यांमध्ये आता आठ-नऊ विकलांचं अंतर आहे, त्यामुळे एवढ्या खालच्या थरथरत्या हवेतही ते वेगळे दिसतात. ध्रुव आणि मित्र एकाच रात्री एकाच दुर्बिणीतून बघता येतात.

मामा शनी बघायला आले होते. त्यांनी कडी बराच वेळ बघितली, मग टॉर्च मागून घेतला आणि ठोकळ्याची चारही तोंडं हाताने चाचपून बघितली. म्हणाले, "बरा उतरलाय."

जूनच्या मध्याला सगळं बंद होतं. खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. भिंग घरासकट काढून बेळगावला आणतो आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवतो; पुड्या काळजीने बदलतो, कारण काचेवर एकदा बुरशीने मूळ धरलं की ती पुसली तरी काचेवर ओरखड्यासारखी खूण राहते. दोन काचा मात्र उगाच वेगळ्या करत नाही. त्यांच्या कडेवर पेन्सिलीची खूण आहे, पुन्हा जोडताना ती जुळलीच पाहिजे. वर्म व्हीलला ग्रीस भरून कापड गुंडाळतो, छपराला चारही कोपऱ्यांत हूक लावतो, कारण जुलैचा वारा पत्रा उचलू बघतो.

पॅटर्न आणि गाभ्याची पेटी मामांच्या कारखान्यात माळ्यावर कोरडी ठेवलेली आहे. कुणाला असा माउंट करायचा असेल तर ठोकळा पुन्हा ओतून मिळेल, आणि तोच ठोकळा, तेच पाइप, तीच बेअरिंगं महाराष्ट्रात कुठेही चालतील. बदलायचा तो फक्त दोन खांबांच्या उंचीतला फरक : २.४ मीटरच्या अक्षाला कोल्हापुरात ६९ सेंटिमीटर, पुण्यात ७६, नागपुरात ८७.